चिक चॉकलेट : एका जॅझ ट्रम्पेटवादकाची कारकीर्द आणि चित्रपटसंगीतातील श्रेयाचा प्रश्न

प्रस्तावना

अमरावतीत १९१३ साली जन्मलेले आणि गिरणी कामगाराचा मुलगा म्हणून मुंबईत वाढलेले भगवान आभाजी पालव, म्हणजेच भगवानदादा, यांचा 'अलबेला' हा चित्रपट १९५१ मध्ये प्रदर्शित झाला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक या तिन्ही नात्यांनी तो त्यांचा होता. संगीत सी. रामचंद्र यांचे होते. पुणतांब्यात जन्मलेले, पुण्यात विनायकबुवा पटवर्धन आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले रामचंद्र नरहर चितळकर हे भगवानदादांचे जुने मित्र. या दोघांच्या चित्रपटातील गाणी वऱ्हाडातील लग्नांच्या वरातींत बँडपथकांच्या ट्रम्पेटवर किती वेळा वाजली असतील, याची गणती करता येणार नाही.

याच चित्रपटातील एका गाण्यात पडद्यावर एक वाद्यवृंद दिसतो. वादकांच्या अंगात लॅटिन अमेरिकेच्या धाटणीचे झालरीचे सदरे आहेत. प्रेक्षकांना ती एक नृत्यप्रसंगाची सजावट वाटते. प्रत्यक्षात ते खरे वादक आहेत आणि त्यांचा प्रमुख हा त्या काळात 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखला जाणारा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आहे. सी. रामचंद्र यांचा तो सहायकही होता. अलबेलाच्या यशाने भगवानदादांचे नाव घराघरांत पोहोचले, चितळकरांची कीर्ती वाढली. चिक चॉकलेट हे नाव मात्र जाणकारांच्या लहानशा वर्तुळाबाहेर गेले नाही.

प्रस्तुत लेखात या कलावंताच्या कारकिर्दीचा आढावा घेतला आहे. त्यांना पुरेशी दाद मिळाली नाही, अशी हळहळ व्यक्त करणे एवढाच त्याचा हेतू नाही. आपल्याकडे 'संगीतरचना' या शब्दाचा जो अर्थ रूढ आहे, त्यात या कलावंताच्या कामाला जागाच नव्हती, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. गाण्याची चाल म्हणजेच गाण्याचे संगीत, असे समीकरण श्रोत्यांनी, समीक्षकांनी आणि पुढे कायद्यानेही मान्य केले. त्या समीकरणात न बसणारे जे उरते, ते या वादकाचे कार्यक्षेत्र होते.

चर्चशाळा ते मुंबई

चिक चॉकलेट यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यातील बार्देश तालुक्यातील अल्दोना म्हणजे हळदोणे या गावचा. मुलाने यंत्रकाम शिकावे अशी आईची इच्छा होती, असे सांगितले जाते. मुलाने वाद्य निवडले.

ही निवड त्या काळच्या गोव्यात अपवादात्मक नव्हती. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना संगीताचे शिक्षण दिले जाई. प्रार्थनेत गाण्यासाठी आणि सणावारी वाजविण्यासाठी गायक-वादक हवेत, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. 'मेस्त' म्हणून ओळखला जाणारा शिक्षक मुलांकडून आधी स्वरलिपी वाचून घेई, मग हाती व्हायोलिन किंवा फुंकवाद्य देई. त्यामुळे गावोगाव पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी सहज वाचणारी माणसे तयार झाली. इतक्या वादकांना पोसण्याएवढा रोजगार मात्र गोव्यात नव्हता. परिणामी ते ब्रिटिश हिंदुस्थानात आले. पोलीस व लष्करी बँड, मूकपटांच्या काळातील चित्रपटगृहे, संस्थानिकांचे वाद्यवृंद, रेल्वे वसाहतींतील क्लब आणि मोठी हॉटेले येथे त्यांना काम मिळू लागले. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गावकऱ्यांनी चालविलेल्या 'कूड' नावाच्या सामाईक खोल्या त्यांचा पहिला निवारा असत. कोकणातील चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्यांशी त्यांचे साम्य सहज लक्षात येते.

आंतोनियो वाझ याच वाटेने गेले. रंगून, मसुरी आणि मुंबई ही त्यांच्या उमेदवारीची ठिकाणे. रंगूनमध्ये तेव्हा हॉटेलांचा व्यवसाय जोरात होता. १९४२ साली जपानी सैन्याने ते शहर घेतल्यावर तो संपुष्टात आला. मसुरीत उन्हाळ्याच्या हंगामात गोरे अधिकारी, संस्थानिक आणि धनिक यांची गर्दी होई आणि मैदानी प्रदेशातील वादक हंगामापुरते तेथे जात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेलाशेजारी असलेल्या ग्रीन्स हॉटेलात 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' या नावाचा त्यांचा वृंद वाजू लागला. आंतोनियो वाझ हे नाव मागे पडले ते कायमचेच.

आर्मस्ट्राँगची तबकडी

जॅझ मुंबईत आले ते दोन मार्गांनी. पहिला मार्ग प्रत्यक्ष कलावंतांचा. १९३५ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक लिऑन अॅबी यांचा वृंद ताजमहाल हॉटेलात वाजला. त्यांच्या मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. यांपैकी वेदरफर्ड पुढे कलकत्त्यात स्थायिक झाले आणि १९४५ मध्ये तेथेच वारले. अमेरिकेत वर्णभेदामुळे ज्या कलावंतांना मागच्या दाराने आत जावे लागे, त्यांना आशिया खंडातील हॉटेलांत मान आणि बरे वेतन मिळत होते. त्यांच्या शेजारी बसून वाजविण्याची संधी काही गोमंतकीय वादकांना मिळाली.

दुसरा मार्ग ग्रामोफोनच्या तबकडीचा, आणि चिक चॉकलेट यांच्या बाबतीत तोच अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. न्यू ऑर्लीन्स येथे १९०१ साली जन्मलेल्या लुई आर्मस्ट्राँग यांनी १९२५ ते १९२८ या काळात आपल्या लहान वृंदांसह केलेल्या ध्वनिमुद्रणांनी जॅझची दिशा बदलली. तोवर जॅझ हे मुख्यतः सर्वांनी मिळून वाजविण्याचे संगीत होते. आर्मस्ट्राँग यांनी एकट्या वादकाच्या विस्ताराला केंद्रस्थान दिले. या तबकड्या हिंदुस्थानात येत होत्या. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे संगीत असे. ती तीन मिनिटे पुन्हा पुन्हा ऐकून गोमंतकीय तरुणांनी ती विद्या एकलव्याप्रमाणे साध्य केली. चिक चॉकलेट यांनी आर्मस्ट्राँग यांचा ट्रम्पेटच नव्हे, तर त्यांचा खरखरीत गळा आणि रंगमंचावरील वावरही आत्मसात केला. त्यांना मिळालेली उपाधी गौरवाची होती, तशीच ती अडकविणारीही होती. 'अमुक ठिकाणचा तमुक' असे म्हटले की त्या कलावंताचे स्वतःचे काय, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आपल्या साहित्यव्यवहारातही 'महाराष्ट्राचे वर्डस्वर्थ' वगैरे विशेषणांनी हेच केले आहे.

जॅझमध्ये वादक नेमके काय करतो, हे येथे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला उपज किंवा बढत ही कल्पना परकी नाही. ख्यालात गायक रागाच्या स्वरांत राहून तालाच्या आवर्तनात विस्तार करतो आणि समेवर येतो. जॅझमध्येही आवर्तन असते. 'ब्लूज' या प्रकारात ते बारा खंडांचे, म्हणजे चार मात्रांच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस मात्रांचे. लोकप्रिय गीतांवर आधारलेले आवर्तन बहुधा बत्तीस खंडांचे, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांचे. मूलभूत फरक आहे तो पायाचा. रागात षड्ज स्थिर असतो आणि तंबोरा तो अखंड सांगत राहतो. जॅझच्या आवर्तनात पियानो, गिटार व बास ही वाद्ये दर एक-दोन खंडांनी स्वरगुच्छ बदलतात. जो स्वर मागील खंडात विसावा देत होता, तोच पुढील खंडात खटकू शकतो. वादकाला ही बदलती जमीन ध्यानात ठेवून त्याच क्षणी नवी सुरावट रचावी लागते. शिवाय चार मात्रांपैकी पहिलीवर जोर देण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. ढोलवादक दुसरी व चौथी मात्रा उचलतो आणि वादक मात्रेच्या किंचित मागे रेंगाळून वाजवितो. जॅझची झुलती चाल यातून निर्माण होते.

ट्रम्पेट हे या कामासाठी अवघड वाद्य आहे. आपली तुतारी आणि ट्रम्पेट यांचे कूळ एकच. दोन्हींत ओठांच्या कंपनाने नळीतील हवा कंप पावते. साध्या नळीतून फक्त ठरावीक अंतराचे, निसर्गक्रमाने येणारे स्वर निघतात. म्हणून तुतारीवर ललकारी देता येते, संपूर्ण सप्तक वाजविता येत नाही. ट्रम्पेटला तीन कळा असतात. कळ दाबली की हवेला अधिकच्या नळीतून फिरावे लागते आणि स्वर उतरतो : मधल्या कळेने अर्धा स्वर, पहिलीने एक, तिसरीने दीड. कळांच्या सात निरनिराळ्या लांबी आणि ओठांचा ताण यांच्या संयोगातून सर्व स्वर मिळतात. एकाच कळेच्या स्थितीत ओठांच्या ताणानुसार चार-पाच निरनिराळे स्वर निघू शकत असल्याने बोट बरोबर असूनही स्वर चुकू शकतो. आणि तरीही कळ अर्धवट दाबून, ओठ सैल करून, तोंडाशी झाकण धरून जॅझवादक या धातूच्या नळीतून मींड काढतो, कण लावतो, माणसासारखे कुरकुरणे आणि हसणे काढतो. चिक चॉकलेट यांचे नाव झाले ते या कौशल्यावर.

हॉटेलातून स्टुडिओत

हॉटेलांतील जॅझचा बहर फार काळ टिकला नाही. १९४७ नंतर गोरा ग्राहक गेला, संस्थानिकांची आर्थिक स्थिती पालटली आणि मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली. रात्रीच्या नृत्यावर आणि मद्यावर चालणाऱ्या व्यवसायाला हा मोठा धक्का होता. त्याच सुमारास हिंदी चित्रपटसृष्टीत मोठ्या वाद्यवृंदाची मागणी वाढत होती. फाळणीनंतर लाहोरहून आलेले वादक आणि संयोजकही मुंबईत काम शोधत होते. तेथील हॉटेलात वाजविणारे सेबॅस्टियन डिसोझा त्यांपैकी एक. शंकर-जयकिशन यांच्या संगीताचे संयोजन पुढे दीर्घकाळ त्यांनीच केले.

स्टुडिओला या मंडळींची गरज का होती, याचे उत्तर तांत्रिक आहे. त्या काळी गायक व संपूर्ण वाद्यवृंद यांचे ध्वनिमुद्रण एकाच वेळी होई. वेगवेगळे आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर जोडण्याची सोय नव्हती. तीस-चाळीस वादकांपैकी एकाची चूक झाली तरी सर्वांनी पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. अशा स्थितीत प्रत्येकाला त्याचा भाग कागदावर लिहून देणे आणि त्याने तो पाहताक्षणी वाजविणे, हाच किफायतशीर मार्ग होता. भातखंडे किंवा पलुसकर यांच्या स्वरलेखनपद्धती एका सुरावटीच्या नोंदीसाठी उत्तम आहेत. पण दहा निरनिराळी वाद्ये त्याच क्षणी दहा निरनिराळे स्वर वाजवीत असताना त्यांचा उभा छेद एका दृष्टिक्षेपात दाखविणे हे त्यांचे उद्दिष्टच नव्हते. पाच रेघांची लिपी ते करते. ती लिपी येणारे वादक मुख्यतः गोमंतकीय होते.

कामाची रीत साधारणपणे अशी असे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. संयोजक, ज्याला व्यवसायात 'अरेंजर' म्हणत, ती चाल लिहून घेई. कोणत्या ओळीमागे कोणती वाद्ये असावीत, स्वरगुच्छ कोणते, आरंभीचा तुकडा कसा, दोन अंतऱ्यांमधील संगीत कोणते, हे ठरवून तो प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र कागद तयार करी. हे काम 'सहायक' या मोघम शब्दाखाली जाई. मधल्या संगीताची सुरावट कधी दिग्दर्शक गुणगुणून सांगे, कधी संयोजक स्वतः रचे, कधी एखादा वादक सुचवी. या तिघांच्या वाट्यांची सीमारेषा आज आखता येत नाही, आणि एकमेकांवर विश्वास असलेल्या माणसांना ती तेव्हा आखावीशीही वाटली नसावी.

येथे एक विसंगती नजरेत भरते. चिक चॉकलेट यांचे खरे सामर्थ्य आयत्या वेळी विस्तार करण्यात होते, आणि स्टुडिओला त्यांच्यातील लिहू-वाचू शकणारा शिस्तबद्ध वादक अधिक उपयोगाचा होता. चर्चशाळेतील मेस्ताने दिलेली विद्या त्यांना पोट भरायला उपयोगी पडली. तबकडीवरून मिळविलेली विद्या काही सेकंदांच्या मधल्या तुकड्यांत मावेल तेवढीच वापरता आली. तीन-साडेतीन मिनिटांच्या गीतात एकशे अठ्ठावीस मात्रांचे एक आवर्तनही एकट्या ट्रम्पेटला मिळणे शक्य नव्हते.

सी. रामचंद्र यांच्याशी सहयोग

तरीही ते काही सेकंद वाया गेले नाहीत, याचे कारण सी. रामचंद्र यांची वृत्ती. 'शहनाई' (१९४७) आणि 'समाधी' (१९५०) या चित्रपटांपासून पाश्चात्त्य नृत्यलयीची गीते हे त्यांचे वैशिष्ट्य ठरले होते. समाधीतील प्रसिद्ध द्वंद्वगीतामागे एडमंडो रॉस यांच्या लॅटिन धाटणीच्या वृंदाची एक लोकप्रिय धून आहे, हे सर्वज्ञात आहे. चित्रपटाचा विषय नेताजींची आझाद हिंद सेना आणि गीताची लय दक्षिण अमेरिकेची, हा योग आज गमतीचा वाटतो. त्या वेळच्या प्रेक्षकाला तो खटकला नाही.

अलबेलामध्ये ही लय पूर्णपणे पचलेली दिसते. 'शोला जो भडके' या गीतात बोंगोचा ठेका आहे, पण त्यावर उभी राहणारी सुरावट मराठी कानाला परकी वाटत नाही. ती कुठेतरी लावणीच्या आणि मेळ्याच्या वळणाने जाते. भगवानदादांचे नृत्यही असेच. त्यात शिकविलेले पदन्यास थोडे आणि गिरणगावातील गणेशोत्सवात सहज जमतील असे डौल अधिक. शास्त्रीय बैठकीचा मराठी संगीतकार आणि आर्मस्ट्राँगला गुरुस्थानी मानणारा गोमंतकीय ट्रम्पेटवादक एकत्र आल्याने हे रसायन जमले, असे म्हणण्यास हरकत नाही. चितळकरांची चाल इतकी बळकट होती की वाद्यवृंदाला तिच्याभोवती मोकळेपणाने खेळता आले; वाद्यवृंद इतका चपळ होता की चालीचे मराठीपण जड झाले नाही. याच संगीतकाराने दोनच वर्षांनी 'अनारकली' (१९५३) मध्ये जवळपास संपूर्ण भारतीय वळणाचे संगीत दिले, यावरून सहायकाच्या जॅझवर त्यांची प्रतिभा अवलंबून होती असे म्हणता येत नाही. पण अलबेला त्यांनी एकट्याने घडविला असेही म्हणता येत नाही.

समकालीन टीकाकारांना हे रसायन रुचले नाही. चित्रपटसंगीत परकीय सुरावटींची उसनवारी करते, हा आक्षेप त्या दशकात वारंवार घेतला गेला. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू करून शासनाला माघार घ्यावी लागली. शास्त्रीय संगीताविषयी केसकरांची तळमळ खरी होती, परंतु 'परकीय' या शब्दाखाली त्या दृष्टीने ज्यांना वगळले, त्यांत चार शतके या देशात पाश्चात्त्य लिपीत संगीत वाजविणारा एक संपूर्ण भारतीय समाज होता, याचे भान तीत दिसत नाही. याच समाजातील दुसरे एक ट्रम्पेटवादक, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, यांनी १९४६ साली मसुरीत गांधीजींना पाहिल्यानंतर भारतीय सुरावटी जॅझमध्ये आणण्याची ओढ आपल्याला लागली, असे सांगून ठेवले आहे. पुढे त्यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) या कोकणी चित्रपटांची निर्मिती केली. चित्रपटसंगीताच्या आवरणाबाहेर आपल्या भाषेत काही करण्याची संधी त्यांनी घेतली. मडगावचे ख्रिस पेरी यांनी ती लोर्ना कोर्देर यांच्या गळ्यातून कोकणी गीतांत घेतली. चिक चॉकलेट यांच्याबाबतीत असे वळण दिसत नाही.

स्वतंत्र संगीत दिग्दर्शन

सहायकाचे काम करीत असतानाच त्यांना स्वतःच्या नावावर चित्रपट मिळाले. 'नादान' (१९५१), 'रंगीली' (१९५२) आणि निसार बझ्मी यांच्या जोडीने 'कर भला' (१९५६) हे ते चित्रपट. नादानमध्ये देव आनंद आणि मधुबाला अशी नायक-नायिकेची जोडी होती, तेव्हा संधी लहान होती असे म्हणता येणार नाही.

नादानमधील एकच गीत आज रसिकांच्या स्मरणात आहे : तलत महमूद यांनी गायिलेले, प्रेयसीचे चित्र रेखाटू पाहणाऱ्या नायकाचे. संथ, हळवे, गझलेच्या अंगाने जाणारे. त्यात झुलती लय नाही, ट्रम्पेटची ललकारी नाही, आर्मस्ट्राँगचा मागमूस नाही. म्हणजे ज्या वर्षी त्यांच्या वृंदाची ऐट अलबेलामधून दुसऱ्याच्या नावाने घरोघर पोहोचली, त्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या नावाने टिकलेली एकमेव रचना अशी होती की तिच्यावरून हा माणूस ट्रम्पेटवादक आहे हे कोणाला ओळखूही येऊ नये. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक, चाल बांधणे हे त्यांचे बलस्थान नव्हते, म्हणून संगीत दिग्दर्शक या नात्याने ते टिकले नाहीत. दुसरा अर्थ अधिक समर्पक वाटतो : 'संगीतकार' म्हणून मान्यता मिळवायची तर प्रचलित अर्थाने चालच बांधून दाखविली पाहिजे, हे त्यांना पुरते ठाऊक होते आणि त्यांनी ती उत्तम बांधूनही दाखविली. स्वतःच्या नावाचा चित्रपट मिळाल्यावर त्यांनी आपले वाद्य बाजूला ठेवले. हे त्यांच्या असमर्थतेचे लक्षण मानण्याऐवजी व्यवसायातील मूल्यव्यवस्थेचे लक्षण मानणे योग्य ठरेल.

पुढील काळात ते मदन मोहन यांच्याकडेही सहायक होते. हॉटेलांतील वादनही सुरूच राहिले.

श्रेय आणि कायदा

या मूल्यव्यवस्थेची कायद्यातील बाजू उद्बोधक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'सांगीतिक कृती'ची मूळ व्याख्या सुरावट व स्वरसंवाद यांचे, किंवा त्यांपैकी एकाचे, लिखित अथवा मुद्रित रूप अशी होती. म्हणजे संगीत कागदावर उतरले तरच ते कायद्याच्या दृष्टीने कृती ठरे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या हक्कांविषयीच्या प्रसिद्ध खटल्यात निर्मात्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच व्याख्येकडे लक्ष वेधून गायक-वादकांच्या कलेला कायद्यात स्थान नसल्याबद्दल खंत नोंदविली होती.

आता मुंबईच्या स्टुडिओत कागद आणि लेखणी कोणाच्या हाती होती, ते आठवावे. चाल बांधणारे अनेक संगीतकार पेटीवर गाऊन दाखवीत. पाच रेघांवर ती उतरवीत ते संयोजक. व्याख्या शब्दशः घेतली तर कृतीला कायद्याच्या नजरेत अस्तित्वात आणणारा हात संयोजकाचा होता. पण मोबदला घेऊन करून दिलेल्या कामाचा पहिला मालक निर्माता, या तत्त्वामुळे त्या प्रश्नाला व्यवहारात अर्थ उरला नाही. १९९४ च्या दुरुस्तीने व्याख्या बदलली, लेखनाची अट गेली आणि स्वरलेखन केले असो वा नसो, रचणारा तो संगीतकार असे ठरले. त्याच दुरुस्तीने गायक-वादकांनाही काही हक्क मिळाले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. संयोजन मात्र कायद्यात 'रूपांतर' या सदराखाली येते. मूळ कृती आधीच पूर्ण झाली असून संयोजक तिला नवे रूप देतो, असे त्यात गृहीत आहे. ज्या गीताचा आरंभीचा तुकडा ऐकताच श्रोता गीत ओळखतो, त्या गीताला हे गृहीतक लागू पडते का, यावर विधी आणि संगीत या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांनी एकत्र विचार करणे अगत्याचे आहे.

साधने आणि अखेरची वर्षे

हा विचार करायचा तर साधने हवीत, आणि तेथेच अडचण आहे. ध्वनिमुद्रण संपले की वादकांपुढील कागदांचे काम संपे. ते जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. बहुतेक कागद रद्दीत गेले. त्यामुळे आज अभ्यासकाच्या हाती उरतात त्या तबकड्या, चित्रपटांच्या प्रती आणि वृद्ध वादकांच्या आठवणी. सी. रामचंद्र यांचे 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र मराठी वाचकांपुढे आहे, पण संगीत दिग्दर्शकाच्या खुर्चीतून दिसणारे जग आणि वाद्यवृंदाच्या शेवटच्या रांगेतून दिसणारे जग एकच नसते. त्या रांगेतील आठवणी संकलित करण्याचे काम प्रामुख्याने दोघांनी केले : ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात स्टुडिओतील वादकांच्या मुलाखतींवरून, आणि नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) मध्ये मुंबईच्या जॅझयुगाच्या इतिहासातून. यांपैकी बूथ यांचा आधीचा ग्रंथ 'ब्रास बाजा' (२००५) हा भारतातील लग्नाच्या बँडपथकांवर आहे. एकाच अभ्यासकाने हे दोन विषय निवडावेत हा योगायोग नव्हे. स्टुडिओतील ट्रम्पेटने रचलेले मधले तुकडे बँडवाल्याने कानाने उचलले आणि गावच्या रस्त्यावर वाजविले. त्याला लिपी येत नव्हती आणि मूळ वादकाचे नावही ठाऊक नव्हते. ध्वनिक्षेपकांच्या भिंतींपुढे आता ही पथकेही मागे हटत आहेत. वऱ्हाडातील बँडपथकांकडे कोणती गाणी, कोणत्या तुकड्यांसह, कोणाकडून आली, याची नोंद महाविद्यालयीन पातळीवर व्हावी असा हा विषय आहे, आणि त्यासाठी मुंबईला जाण्याची गरज नाही.

भगवानदादांचा उत्तरकाळ हलाखीत गेला. जुहूचा बंगला आणि गाड्या गेल्या, दादरच्या चाळीत ते राहू लागले आणि २००२ मध्ये तेथेच वारले. तरी त्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे; २०१६ मध्ये 'एक अलबेला' हा मराठी चित्रपटही त्यांच्यावर निघाला. चिक चॉकलेट १९६७ साली, वयाची साठीही न गाठता वारले.

त्याच्या आदल्या वर्षी चेतन आनंद यांचा 'आखरी खत' प्रदर्शित झाला. राजेश खन्ना यांचा हा पहिला चित्रपट. संगीत खय्याम यांचे. त्यात एका क्लबच्या प्रसंगात तरुण भूपिंदर सिंग गातात आणि त्यांच्या साथीला एक मध्यमवयीन, भरल्या अंगाचा वादक ट्रम्पेट वाजविताना दिसतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर काही क्षण थांबतो. अलबेलातील झालरीचा सदरा येथे नाही. वादक आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीचे काम करीत उभा आहे, आणि मधल्या संगीतात ट्रम्पेटला जरा अधिक वेळ दिलेला आहे.